प्रोग्रामिंगमध्ये करिअर करायचंय? आधी एक फाइल उघड

कुठली लँग्वेज शिकू, वय निघून गेलंय का, गणित कच्चं आहे तर चालेल का, मधे चार वर्षं घरी होते आता कोण घेणार, असले प्रश्न मला सारखे येतात आणि विचारणाऱ्या बहुतेक मुलीच असतात. माझं पहिलं उत्तर ऐकून प्रत्येकीचा चेहरा पडतो, कारण मी म्हणते एक टेक्स्ट फाइल उघड. साधी, नोटपॅडमधली. रोज लॅपटॉप मिटायच्या आधी त्यात तीन ओळी टाक, आज काय अडलं, कसं सुटलं आणि त्याचा कोणाला काय फायदा झाला. बस. लँग्वेजचं वगैरे पुढे सांगतेच, पण फाइल आजच.

हे शहाणपण मला उशिरा आलं. नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांत मी असलं काही लिहिलंच नाही, काम केलं की ते आपोआप दिसतं अशी माझी भाबडी समजूत होती. मग अप्रेझलच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, वर्षभरात काय काय केलंस, आणि मला आठवले ते फक्त शेवटचे तीन आठवडे, त्यातही एका फॉर्मचं बटण. बाकीचे महिने काय मी झोपले होते? रात्री दोनला उठून बंद पडलेला सर्व्हर उभा केला होता, नवीन आलेल्या दोघांना सगळी सिस्टीम समजावली होती, पण ते कुठे लिहिलेलंच नव्हतं तर ऐनवेळी आठवणार कसं. शेजारी बसणारा मुलगा छापील दोन पानं घेऊन गेला होता. त्यातलं अर्धं काम आम्ही दोघांनी मिळून केलेलं. तेव्हा फार राग आला होता त्याचा, नंतर कळलं की तो खोटं काहीच बोलला नव्हता, त्याने लिहून ठेवलं होतं आणि मी नव्हतं.

आणि हे काही माझ्या एकटीचं नाही, या धंद्यात ते पहिल्यापासून चालत आलंय. १९४६ च्या फेब्रुवारीत एनियॅक नावाचा खोलीभर कॉम्प्युटर लोकांना दाखवला गेला, तोफगोळा जमिनीवर पडायच्या आत त्याचा सगळा मार्ग मोजून दाखवायचा असा तो डेमो होता. तो डेमो चालवणारा प्रोग्राम बसवला होता बायकांनी. एकूण सहा जणी होत्या, के मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. मॅन्युअल नव्हतं, मशीनचे आराखडे वाचून वाचून त्या केबल आणि स्विचेस लावायला शिकल्या. डेमो गाजला, रात्री मोठं जेवण झालं, यांना बोलावणंच नाही. पुढे १९८० च्या दशकात कॅथी क्लायमन नावाच्या विद्यार्थिनीने जुन्या फोटोत या बायका बघून चौकशी केली तर तिला सांगण्यात आलं की त्या मॉडेल आहेत, मशीनशेजारी शोभेला उभ्या केलेल्या, फ्रिजच्या जाहिरातीत असतात तशा. म्हणजे जगातल्या पहिल्या प्रोग्रामर्समधल्या सहा जणी, आणि चाळीसेक वर्षांनी फोटोखाली नावसुद्धा नाही. म्हणून म्हणते फाइल.

शिकायचं कसं

लँग्वेज कुठली यावर लोक तासन्‌तास भांडतात, तू भांडू नकोस. डेटाकडे ओढा असेल तर पायथॉन, वेबसाइट आणि ॲप्सकडे असेल तर जावास्क्रिप्ट, आणि एक धरली की सहा महिने दुसरीकडे बघायचं नाही. फुकट शिकायला फ्रीकोडकॅम्प आहे, हार्वर्डचा सीएस५० कोर्स ऑनलाइन आहे, दोन्ही चांगले आहेत, त्यातलाही एकच घे. गणिताचं म्हणशील तर वेब, ॲप, टेस्टिंग या कामांना शाळेतलं बीजगणित आणि सरळ विचार पुरतो, मशीन लर्निंग किंवा ग्राफिक्समध्ये जायचं असेल तर मात्र लिनियर अल्जिब्रा आणि प्रॉबॅबिलिटीला पर्याय नाही, तिथे पळवाट शोधू नकोस.

खरा घोळ वेगळाच होतो. व्हिडिओ बघताना सगळं कळतं, मान डोलते, आणि व्हिडिओ बंद केला की रिकाम्या स्क्रीनपुढे हात चालत नाही. याला उपाय एकच आहे, व्हिडिओ अर्धा बघ, बंद कर, आणि न बघता तेच स्वतः लिही. मोडेल. मोडू दे. मोडल्यावर जे लाल अक्षरात येतं ते वाचायची सवय लागली की अर्धी प्रोग्रामर झालीस समज, कारण बहुतेक जणी ते लाल दिसलं की घाबरून डोळे मिटून सरळ गूगलवर चिकटवतात. पायथॉनमध्ये ते खालून वाचायचं, खरी चूक शेवटच्या ओळीत असते. जावामध्ये (ही जावास्क्रिप्टहून वेगळी लँग्वेज) उलटं, वरून सुरुवात करायची आणि खाली कुठे ‘कॉज्ड बाय’ दिसलं तर खरं दुखणं तिथे. हे मला कोणी पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीच्या फाइलमधली नोंद सांगते, तिने स्पर्धेचे गुण दाखवणारं छोटं पान केलं होतं. तिने लिहिलं होतं, “यादी चढत्या क्रमाने लावली तर १ नंतर १० आलं आणि मग २. दोन तास गेले. आधी वाटलं माझा डेटाच चुकलाय. कारण असं की जावास्क्रिप्टच्या सॉर्टला काही सांगितलं नाही तर ते आकड्यांनासुद्धा अक्षरांसारखं लावतं, आणि अक्षर म्हणून बघितलं तर १० चा पहिला १ हा २ च्या आधी येतो. दोन आकड्यांची वजाबाकी करून देणारं छोटं फंक्शन दिलं, सुटलं.” बघ, पाच-सहा ओळी आहेत पण यात प्रॉब्लेम आहे, चुकलेला अंदाज आहे, कारण आहे, उत्तर आहे. पुढे इंटरव्ह्यूमध्ये ‘तुम्हाला अडलेला एखादा बग सांगा’ असं विचारलं तेव्हा तिने हेच सांगितलं, जसंच्या तसं, आणि समोरचा माणूस हसायला लागला कारण त्यालाही तो कधीतरी चावला होता.

एआयचं काय हेही सगळ्या विचारतात. वापर ना, मीपण वापरते. फक्त त्याने दिलेल्या कोडची प्रत्येक ओळ तुला दुसऱ्याला समजावून सांगता आली पाहिजे, नाही आली तर ते तुझं काम नाही, उसनं आहे, आणि उसनं नेमकं इंटरव्ह्यूत उघडं पडतं.

नाव कुठे लागतं

गिट पहिल्याच आठवड्यात शिकून घे, नंतर शिकू म्हणून ठेवू नकोस. गिट म्हणजे नुसतं कोडचं बॅकअप नव्हे, कुठली ओळ कोणी, कधी आणि का बदलली याची ती कायमची नोंद आहे आणि त्यात तुझं नाव असतं. त्यामुळे प्रत्येक बदल नोंदवताना (त्याला कमिट म्हणतात) सोबत जो मेसेज जातो तो नीट लिहायचा. ‘फिक्स केलं’ असं लिहिणारे खूप असतात. त्याऐवजी असं लिही, “रिपोर्टमधली तारीख एक दिवस मागे दिसत होती, सर्व्हर यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ देतो आणि आपण ती स्थानिक वेळ समजून दाखवत होतो, आता बदलून दाखवतो.” सहा महिन्यांनी कोणीतरी, बहुतेक तूच, ती ओळ शोधत येणार आहेस.

गिटहबवर, म्हणजे गिटमधलं कोड लोकांना दिसेल असं ठेवायच्या साइटवर, दहा अर्धवट प्रोजेक्ट टाकण्यापेक्षा दोन पुरे केलेले टाक. रीडमीमध्ये, म्हणजे प्रोजेक्टची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये, हे काय आहे, कसं चालवायचं आणि कुठे अजून कमी पडतं एवढं लिही. शेवटचा भाग कोणी लिहीत नाही, म्हणून तू लिही, अनुभवी माणसाला त्यावरूनच कळतं की ही विचार करते.

मग ओपन सोर्स, म्हणजे ज्याचं कोड सगळ्यांना खुलं असतं आणि बाहेरचेही सुधारू शकतात असं सॉफ्टवेअर. सुरुवातीला मोठं फीचर वगैरे करायला जाऊ नकोस, डॉक्युमेंटेशनमधली चूक दुरुस्त कर, किंवा कोणी बग कळवलेला असतो तो आपल्या मशीनवर पुन्हा घडवून नेमकं कधी होतो ते लिहून दे. मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे लोक, याला किती दुवा देतात तुला कल्पना नाही. बऱ्याच प्रोजेक्टमध्ये ‘गुड फर्स्ट इश्यू’ असं लेबल लावून सोपी कामं वेगळी ठेवलेली असतात. आउटरीची म्हणून एक प्रोग्राम आहे, तो नोम या ओपन सोर्स प्रोजेक्टने बायकांसाठी सुरू केलेल्या इंटर्नशिपमधून वाढला, आता टेकमध्ये ज्यांना जागा मिळत नाही अशा सगळ्यांसाठी आहे, वर्षातून दोनदा, तीन महिने, घरून आणि पैसे देऊन. त्यात निवड होण्यासाठी आधी प्रत्यक्ष प्रोजेक्टमध्ये योगदान द्यावं लागतं, म्हणजे निवड नाही झाली तरी केलेलं काम तुझ्या नावावर राहतंच. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे, तेही बघ.

इथे एक कडू गोष्ट सांगून टाकते. २०१७ साली गिटहबच्या पुल रिक्वेस्टवर, म्हणजे ‘माझा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या’ अशा विनंत्यांवर, एक अभ्यास छापून आला. त्यात एकूण हिशेबात बायकांच्या पुल रिक्वेस्ट जास्त प्रमाणात स्वीकारल्या गेलेल्या दिसल्या, पण प्रोजेक्टला अनोळखी असलेल्या बाईच्या प्रोफाइलवरून ती बाई आहे हे कळत असेल तर तिचं प्रमाण पुरुषांच्या खाली गेलं. म्हणून प्रोफाइलला फोटो लावायचा की नाही, पूर्ण नाव द्यायचं की टोपणनाव, हे तुझं तू ठरव, त्यात लाज नाही आणि शौर्यही नाही. फक्त एकच हँडल (युजरनेम) ठेव आणि सगळीकडे तेच वापर, नाहीतर काम विखुरतं.

अर्ज आणि इंटरव्ह्यू

जाहिरातीत बारा गोष्टी मागितलेल्या असतात, त्यातल्या सात येत असतील तर अर्ज टाक. ती यादी लिहिणाऱ्याने मनातलं सगळं मागून ठेवलेलं असतं, लग्नाच्या जाहिरातीसारखं. बाराच्या बारा येणारा माणूस त्यांनाही मिळत नाही.

सीव्हीमध्ये ‘टीममध्ये काम केलं’ हे वाक्य दिसलं की मी पुढे वाचत नाही, आणि मी शेकड्यांनी सीव्ही वाचलेत. फाइल उघड आणि तिथून उचल. ‘डेटाबेसवर काम केलं’ असं लिहिण्यापेक्षा ‘ऑर्डर शोधायची क्वेरी ९ सेकंद घेत होती, योग्य कॉलमवर इंडेक्स लावून अर्ध्या सेकंदावर आणली’ असं लिही. आकडा खरा असू दे म्हणजे झालं, त्यावर प्रश्न येणारच.

इंटरव्ह्यूमध्ये मनातल्या मनात सोडवत बसू नकोस, बोलत बोलत सोडव. प्रश्न कळला नाही तर विचार, इनपुट रिकामं असू शकतं का, आकडे निगेटिव्ह येतील का, असे प्रश्न विचारणं म्हणजे वेळकाढूपणा नाही, तेच काम आहे. येत नसेल तर “हे मी केलेलं नाही, पण सुरुवात अशी करेन” म्हणायचं आणि खरंच सुरुवात करायची. शेवटी तुम्हाला काही विचारायचंय का म्हणतात तेव्हा ‘नाही’ म्हणू नकोस प्लीज. कोड रिव्ह्यूला (आपलं कोड दुसऱ्याने तपासण्याला) सरासरी किती दिवस लागतात, रात्रीचं ऑन-कॉल (बिघाड झाला की उठायची पाळी) कसं वाटतात, सीनियर इंजिनियर किती बायका आहेत (एचआरमधल्या मोजायच्या नाहीत), बाळंतपणाच्या रजेनंतर परत आलेल्या कोणाशी बोलता येईल का. उत्तरापेक्षा उत्तर देताना कोण कोणाकडे बघतं ते बघ.

पगाराचा आकडा आधी आपण सांगायचा नाही. “या लेव्हलची रेंज काय आहे?” असा उलटा प्रश्न टाकायचा आणि गप्प बसायचं. ती गप्प बसायची सात-आठ सेकंदं फार जड जातात, मला अजूनही जातात. जे ठरेल ते ईमेलवर मागून घे, तोंडी ‘सहा महिन्यांनी वाढवू’ला काही अर्थ नसतो.

नोकरी लागल्यावर

पहिल्या वर्षी प्रश्न विचारायची भीती वाटते, मूर्ख समजतील म्हणून. अर्धा तास स्वतः झगड, मग विचार, आणि काय काय करून बघितलं ते सांगून विचार. शक्यतो टीमच्या चॅनलवर, खाजगी मेसेजमध्ये नको, म्हणजे उत्तर सगळ्यांच्या कामी येतं आणि तू मेहनत घेतलीस तीही दिसते. कोड रिव्ह्यूमध्ये कोणी चूक दाखवली की ‘सॉरी सॉरी’ सुरू करू नकोस. बरोबर असेल तर “बरोबर, बदलते”, पटत नसेल तर “असं केलं कारण रेकॉर्ड लाखभर झाले की दुसरी पद्धत मेमरी खाते”. संपलं.

आता जरा नाजूक विषय. मीटिंगचे मिनिट्स कोण लिहिणार, नवीन आलेल्याला कोण शिकवणार, दोन टीमची भांडणं कोण मिटवणार, निरोप समारंभाचं कोण बघणार, हे सगळं फिरून फिरून बाईकडे येतं आणि आपण ते चांगलंही करतो, हीच गोची आहे. त्याला ग्लू वर्क म्हणतात, त्याच्याशिवाय प्रोजेक्ट चालत नाही आणि त्याच्यावर प्रमोशनही मिळत नाही. सरसकट नाही म्हण असं मी सांगणार नाही, तसं करून बघितलंय आणि ‘फटकळ’ नाव पडलं. मिनिट्स दर आठवड्याला पाळीपाळीने लिहायचे असं मॅनेजरकडून ठरवून घे आणि पहिली पाळी दुसऱ्या कोणाची तरी लाव. आणि जे ग्लू वर्क करशील तेही फाइलमध्ये, तासांसकट. माझ्या एका मैत्रिणीने असे तासच जोडून दाखवले तेव्हा मॅनेजरलाच धक्का बसला, तिचा आठवड्यातला दीड दिवस त्यात जात होता.

याचंच भावंड म्हणजे “तुझं बोलणं छान आहे, तू कोडिंगपेक्षा प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये चमकशील.” खरंच आवडत असेल तर जा, टेस्टिंग, डेटा, सिक्युरिटी, टेक्निकल रायटिंग, सगळी कामं चांगली आहेत. पण तसंच बोलणं छान असलेल्या मुलाला कोणी हे सुचवतंय का ते एकदा बघ आणि मग ठरव.

मीटिंगमध्ये तू मांडलेला मुद्दा हवेत जातो आणि दहा मिनिटांनी दुसरा कोणी तोच मांडतो तेव्हा सगळे ‘वा’ म्हणतात, हे होणार, गृहीत धर. माझा उपाय म्हणजे मीटिंगच्या आदल्या दिवशीच चार ओळींचा ईमेल, ‘उद्या मी हे सुचवणार आहे, कारण असं असं’. मग कोणी उचललं तरी “हो, कालच्या ईमेलमध्ये लिहिलंय तेच” म्हणता येतं, आवाज न चढवता. मार्गारेट हॅमिल्टनची गोष्ट याच जातीची आहे. चंद्रमोहिमेच्या अपोलो यानांचं सॉफ्टवेअर करताना ती लहान मुलीला लॅबमध्ये घेऊन यायची, त्या पोरीने खेळता खेळता सिम्युलेटरवर, यान उडालेलं असताना, उड्डाणापूर्वीचा पी०१ प्रोग्राम चालू केला आणि सिस्टीम कोसळली. हॅमिल्टन म्हणाली हे अडवणारं कोड घालूया, तिला उत्तर मिळालं की अंतराळवीर अशी चूक करणारच नाहीत. तिने मग निदान कागदपत्रांत सूचना टाकली, उड्डाणात पी०१ निवडू नये. डिसेंबर १९६८, अपोलो ८, अंतराळवीर जिम लव्हेलने नेमकं तेच केलं आणि दिशादर्शनाचा डेटा पुसला गेला. मुद्दा नाकारला गेला तरी लेखी ठेवायचा तो असा.

त्रास झाला, घाणेरडा शेरा, नको तो स्पर्श, रात्रीचे मेसेज, तर त्याच दिवशी लिही, तारीख, वेळ, नेमके शब्द, तिथे कोण होतं. ही नोंद ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नकोस, तो एका दिवसात काढून घेतात. स्वतःच्या फोनमध्ये, स्वतःच्या अकाउंटवर. ऑफिसचा कोड किंवा ग्राहकांचा डेटा मात्र चुकूनही त्यात येऊ देऊ नकोस, नाहीतर तुझ्यावरच उलटेल.

मेंटॉर शोध असं सगळे सांगतात, ठीक आहे, पण मेंटॉर सल्ला देतो, तू खोलीत नसताना तुझं नाव घेतो तो स्पॉन्सर आणि पगार त्याने वाढतो. त्याला नाव घ्यायला काहीतरी हातात लागतं. महिन्यातून एकदा फाइलमधल्या तीन चांगल्या ओळी मॅनेजरला आणि त्या माणसाला पाठव. आगाऊपणा वाटेल, वाटू दे. बाहेर पायलेडीजसारखे (पायथॉन वापरणाऱ्या बायकांचे) गट आहेत, १९९४ पासून भरणारं ग्रेस हॉपर सेलिब्रेशन हे टेकमधल्या बायकांचं संमेलन आहे, तिथे आपल्यासारख्या खूप भेटतात आणि एकटं वाटणं कमी होतं.

ब्रेक घेतला असेल तर

सीव्हीमध्ये लपवू नकोस, एक ओळ पुरे, ‘२०२१ ते २०२४, घरच्या जबाबदारीसाठी ब्रेक’. स्पष्टीकरण नको, माफी तर नकोच. परत येणाऱ्यांसाठी काही कंपन्यांत रिटर्नशिप असतात, २००८ मध्ये गोल्डमन सॅक्सने हा शब्द आणला, काही महिने काम करायचं आणि जमलं तर पुढे कायम. अर्ज करायच्या आधी आपलंच जुनं एखादं प्रोजेक्ट उघड आणि त्यातल्या सगळ्या लायब्ररी (दुसऱ्यांचं तयार कोड, जे आपण वापरतो) आजच्या व्हर्जनवर आण. चार वर्षांत काय काय बदललं ते या एका कामात जितकं कळतं तितकं कुठल्याच रिफ्रेशर कोर्समध्ये कळत नाही, कारण प्रत्येक गोष्ट मोडते आणि प्रत्येकीचं कारण शोधावं लागतं. आणि ते सगळं फाइलमध्ये लिहिलंस की इंटरव्ह्यूत ‘ब्रेकमध्ये काय केलं’ याचं उत्तर तयार.

हो, फाइल मोठी झाली की महिन्याची वेगळी कर, आणि नाव देताना वर्ष आधी, मग महिना, आणि महिना दोन आकडी, २०२५-०२ असा. नुसता २ लिहिलास तर फोल्डर नावाने सॉर्ट करताना कुठे ना कुठे ऑक्टोबर फेब्रुवारीच्या आधी येऊन बसेल.